पंक आणि रहस्यकादंबऱ्या: या दोन वेडांचे मूळ एकच असू शकते का?

खरखर (प्रश्न):

नमस्कार. वयाच्या पंधराव्या वर्षी मित्राच्या थोरल्या भावाकडे रमोन्स या अमेरिकन पंक बँडची पहिली एलपी ऐकली आणि तेव्हापासून, म्हणजे गेली चाळीसहून अधिक वर्षे, पंक या बंडखोर रॉक संगीताने माझी पाठ सोडलेली नाही. कॉन्सर्टना अजूनही जातो. फक्त आता पुढे न घुसता खांबाजवळची जागा आधी हेरून ठेवतो. याच काळात रहस्यकादंबऱ्यांचे वेडही तितकेच वाढत गेले. परिणामी माझ्या खोलीची एक भिंत तबकड्यांनी आणि समोरची भिंत खून, तपास आणि पोलीस निरीक्षकांनी भरलेली आहे. परवा मुलीने या दोन्ही भिंतींकडे पाहून विचारले, "बाबा, इकडे सगळे नियम मोडणारे आणि तिकडे नियम मोडणाऱ्यांना पकडणारे. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून येथे विचारतो. या दोन आवडींच्या मुळाशी काही समान आहे, की एकाच माणसात त्या योगायोगाने नांदत आहेत? आणि कॉन्सर्टचे वेड यात कोठे बसते? संग्रहाबद्दल थोडी प्रौढी मिरवतो: बझकॉक्स या इंग्रज पंक बँडच्या 'स्पायरल स्क्रॅच' या तबकडीची जानेवारी 1977 मधील पहिली आवृत्ती माझ्याकडे आहे. वीस वर्षांपूर्वी एका जुन्या मालाच्या विक्रेत्याने ती अगदी छातीठोकपणे विकली होती.

शेवटचेपान:

माझ्या मते हे नाते काटकसरीचे आहे. आपण उल्लेखलेली रमोन्सची एलपी 1976 ची. मोठे बँड एकेका तबकडीसाठी महिनोन्महिने स्टुडिओ अडवून बसत असत, त्या काळात या चौघांनी सुमारे 6,400 डॉलरमध्ये चौदा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती सगळी अर्ध्या तासाच्या आत संपतात. गिटारचे लांबलचक एकल वादन नाही, प्रस्तावना नाही. चार आकडे मोजले की गाणे सुरू.

आता 1920 मध्ये सुरू झालेले 'ब्लॅक मास्क' हे अमेरिकन मासिक आठवा. स्वस्त, लगेच पिवळ्या पडणाऱ्या कागदावर छापल्या जाणाऱ्या या मासिकातून रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट पुढे आला. तो स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत काम केलेला माणूस. त्यामुळे अहवाल लिहावा तसे तो लिहितो. कोण आले, काय बोलले, कोणाच्या हातात काय होते, एवढेच. अशा मासिकांत मोबदला शब्दांवर मिळत असे, हे ध्यानात घेतले तर त्याने गाळलेले प्रत्येक विशेषण म्हणजे स्वतःच्या खिशाला लावलेली कात्रीच म्हणावी लागेल. आपल्या दोन्ही भिंतींवर फाफटपसाऱ्याचा तिटकारा असलेली माणसे बसली आहेत, एवढेच मी आपल्या कन्येला सांगेन.

तिसरीतार:

'शेवटचेपान' यांचे म्हणणे वाचायला छान वाटते, पण ते मला पुरेसे वाटत नाही. आटोपशीरपणा जाहिरातीतही असतो, म्हणून जाहिरात पंक ठरत नाही. प्रश्न बाजूचा आहे, आणि तो कन्येने अचूक विचारला आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यानची इंग्रजी रहस्यकथा घ्या. हवेलीत खून होतो, सर्वांना दिवाणखान्यात बोलावले जाते, गुन्हेगार सापडतो आणि हवेली पूर्ववत सुखाने नांदू लागते. हवेली कोणाच्या श्रमावर उभी आहे, हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. आपल्या भिंतीवर केवळ अशीच पुस्तके असतील, तर तिचा आक्षेप मान्य करावा लागेल. पण रहस्यकादंबरीची दुसरीही एक परंपरा आहे. मे श्योवाल आणि पेर वाहलू या स्वीडिश जोडप्याने 1965 ते 1975 या काळात पोलीस अधिकारी मार्टिन बेकवर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघेही मार्क्सवादी होते आणि कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्यव्यवस्थेचे शवविच्छेदन करण्यासाठीच त्यांनी हा प्रकार निवडला. त्यांच्याकडे गुन्हेगार पकडला जातो, पण वाचकाचे समाधान होत नाही, कारण ज्या व्यवस्थेने त्याला घडवले ती जागच्या जागी उभी असते. क्लॅशसारखा राजकीय पंक बँड ऐकणाऱ्या माणसाला ही अस्वस्थता परकी वाटू नये.

माणसांच्या पातळीवर पाहिले तर रहस्यकादंबरीकार इयन रँकिन तरुणपणी स्कॉटलंडमधील 'डान्सिंग पिग्ज' नावाच्या अल्पजीवी पंक बँडमध्ये गात असे. मात्र यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. त्याचा निरीक्षक रीबस ऐकतो रोलिंग स्टोन्स, आणि त्याच्या काही कादंबऱ्यांची नावेही त्याच बँडच्या तबकड्यांवरून घेतलेली आहेत. लेखक पंकमधून आला म्हणून पात्रानेही तेच ऐकावे, असा नियम नाही, हे मला त्यातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

मागचीरांग:

कॉन्सर्टचा मुद्दा दोघांनीही सोडून दिला, म्हणून लिहितो. पंकच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध कॉन्सर्ट ही मुळात साक्षीपुराव्यांची कथा आहे. 4 जून 1976 रोजी सेक्स पिस्टल्स हा लंडनचा पंक बँड मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये वाजवून गेला. कार्यक्रम ठरवणारे हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली स्वतःच्या बँडसह वाजवणार होते, पण बझकॉक्सची जुळणी तोवर पुरी झालेली नव्हती. प्रेक्षक जेमतेम चाळीसच्या आसपास होते, असे सामान्यतः मानले जाते. नंतरच्या वर्षांत मात्र "मी तेथे होतो" म्हणणाऱ्यांनी ते सभागृह कित्येक वेळा भरले असते. सहा आठवड्यांनी, 20 जुलै रोजी, सेक्स पिस्टल्स त्याच सभागृहात पुन्हा आले आणि त्या वेळी बझकॉक्सही वाजले. त्यामुळे अनेकांच्या आठवणीत दोन संध्याकाळींची सरमिसळ झाली आहे. पुढे जॉय डिव्हिजन या बँडमध्ये वाजवणाऱ्या पीटर हूकने पहिल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, ही घटना सर्वमान्य आहे; उरलेल्या कित्येकांची उपस्थिती मात्र आजही वादात आहे. खोटे बोलण्याचा हेतू नसलेले, परंतु चुकीचे आठवणारे साक्षीदार याहून चांगले कोणत्या कादंबरीत सापडतील?

जाता जाता खांबाविषयी एक सूचना. 100 डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांतच कानांची सुरक्षित मर्यादा संपते आणि पंकच्या लहान सभागृहात हा आकडा सहज गाठला जातो. खांब कानांचे रक्षण करत नाही. कानात बोळे घालावेत.

फिरतीसुई:

वरील सर्व चर्चा वाचली, परंतु माझे लक्ष मूळ प्रश्नातील शेवटच्या दोन वाक्यांवर अडकून राहिले, आणि माझ्या मते खरे उत्तर तेथेच आहे. तबकड्या जमवणारा माणूस हा तपास अधिकारीच असतो. सुई शेवटच्या गाण्यानंतर ज्या गुळगुळीत पट्ट्यात शिरते, तेथे खोदलेले आकडे आणि कधीकधी कोरीव काम करणाऱ्याची खूण असते. जॉर्ज पेकहॅम हा इंग्रज कारागीर तेथे 'पॉर्की' या टोपणनावाने सही करून ठेवत असे. वेष्टन बदलता येते, वरचे लेबल फसवे निघू शकते, पण हे खोदकाम सहसा खोटी साक्ष देत नाही.

'स्पायरल स्क्रॅच' तर मुद्दाम पुरावे मागे ठेवणारी तबकडी आहे. घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारे 500 पौंड उसने घेऊन, 28 डिसेंबर 1976 रोजी एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित करून, मुलांनी ती 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीच्या नावाने काढली. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात जमले आणि त्यावर नंतर काही चढवले का, हेही त्यांनी वेष्टनावर छापून टाकले, जणू पंचनामाच. पहिल्या खेपेत 1,000 प्रती निघाल्या आणि पुढे मागणी वाढत गेली. डिव्होटो 1977 च्या सुरुवातीलाच बँड सोडून गेला आणि 1979 मध्ये ही तबकडी पुन्हा काढण्यात आली. त्या आवृत्तीच्या वेष्टनावर बँडच्या नावासोबत 'विथ हॉवर्ड डिव्होटो' असे शब्द आहेत. मूळ आवृत्तीवर ते नाहीत. आपण एकदा पाहून घ्यावे, एवढेच सुचवतो.

खरखर:

सर्वांचे आभार. 'तिसरीतार' यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. हवेलीवाल्या कादंबऱ्या माझ्याकडे निम्म्याहून अधिक आहेत, हे तिने मोजून दाखवले, त्यामुळे खटला अजून चालू आहे. कानात घालायचे बोळे मागवले आहेत.

राहिला 'फिरतीसुई' यांचा मुद्दा. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर तबकडी खाली काढली. त्या वेष्टनावरील चार तरुणांचे छायाचित्र मी वीस वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यावरचे 'विथ हॉवर्ड डिव्होटो' हे शब्दही तितकीच वर्षे माझ्यासमोर होते. दर वेळी ते वाचून मला वाटत असे की, किती उदार मुले, सोडून जाणाऱ्याचेही नाव घालतात. पण तबकडी निघाली तेव्हा तो अजून गेलेलाच नव्हता, हे साधे गणित मला सुचले नाही. मुलीने विचारले की आता ती विकणार का. मी ती पुन्हा होती त्याच जागी ठेवली आहे. फक्त आतील चिठ्ठीवरचे 1977 खोडून 1979 केले आहे.