प्रतिसाद: कुलविकीचं १९९२ विसरू नका

वर कोणीतरी म्हटलंय की नॅसकारमध्ये (अमेरिकेतली कार रेसिंगची मालिका) मोठ्या टीमचा पैसा पाठीशी नसेल तर चॅम्पियन होणं अशक्यच, मला हे अजिबात पटत नाही कारण ड्रायव्हर ॲलन कुलविकी. विस्कॉन्सिनचा, शिकलेला इंजिनियर, ज्युनियर जॉन्सनसारख्या मातब्बर मालकाची ऑफर नाकारून स्वतःचीच छोटी टीम चालवणारा माणूस. १९९२ ला सहा रेस शिल्लक असताना २७८ पॉइंटांनी मागे होता, सगळ्यांनी त्याची आशा सोडूनच दिली होती!

सीझनची अटलांटातली शेवटची रेस तर बघाच. पिटमध्ये (टायर-इंधनासाठी गाडी थांबते ती जागा) पहिला गियर तुटला तरी गडी थांबला नाही, आणि सर्वात जास्त लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) आघाडीवर राहणाऱ्याला तेव्हा ५ बोनस पॉइंट मिळायचे, हा हिशोब टीमने पक्का धरून ठेवला होता, त्यामुळे रेस किताबाचा प्रतिस्पर्धी बिल इलियटने जिंकली पण आघाडीचे लॅप कुलविकीचे १०३ आणि इलियटचे १०२, आणि चॅम्पियनशिप फक्त १० पॉइंटांनी कुलविकीची. तो एक लॅप इलियटकडे गेला असता तर पॉइंट सारखे झाले असते आणि जास्त रेस जिंकल्यामुळे किताब इलियटला मिळाला असता. एका लॅपवर अख्खा सीझन!

पुढच्याच एप्रिलमध्ये विमान अपघातात गेला, जेमतेम ३८ वर्षांचा. फार वाईट वाटतं.