गांजाशेतीचा परवाना: मर्यादा कागदावर मोजायची की मालकावर?

बांधकरी
गांजाची शेती कायदेशीर करताना छोट्या शेतकऱ्याचं नाव सगळेच घेतात, पण नियम लिहिताना तो नेमका कुठे गळतो ते कॅलिफोर्नियात दिसलं. २०१६ मध्ये तिथे मतदारांनी गांजा कायदेशीर करणारा प्रस्ताव ६४ मंजूर केला. एक एकराहून मोठ्या शेताला २०२३ उजाडेपर्यंत परवाना द्यायचा नाही, असं त्यात होतं. वर्षानुवर्षं डोंगरात लपूनछपून पीक घेणाऱ्यांना उजेडात यायला, पाय रोवायला वेळ मिळावा हा हेतू. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याने नियमावली काढली. मध्यम परवाना एकाला एकच, पण दहा हजार चौरस फुटांपर्यंतचे छोटे परवाने कितीही घ्या! कंपन्यांनी छोट्या परवान्यांचे गठ्ठे घेतले आणि एकाला एक लागून लावले. कागदावर सगळे छोटे, जमिनीवर सलग मोठं शेत.

माझं म्हणणं एवढंच, की क्षेत्राची मर्यादा परवान्यावर घालू नका. परवान्यामागे ज्याचा पैसा आहे त्याच्या नावावरचं सगळं क्षेत्र एकत्र मोजा, मग त्याने किती कंपन्या काढल्या आहेत ते बघायची गरज नाही.

हिशेबी
बांधकरी, मालकाचं क्षेत्र मोजून छोटा वाचेल हे मला पटत नाही. माल कमी असो की जास्त, तेवढाच बसणाऱ्या खर्चाने तो मरतो. तपासणीचंच बघा. तिथे मालाची एक बॅच जास्तीत जास्त ५० पौंडांची, आणि प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी. मोठा उत्पादक एका वाणाची भरगच्च बॅच पाठवतो. छोट्याकडे चार वाण, प्रत्येकी आठ पौंड. माल बत्तीस पौंड आणि तपासण्या चार. प्रयोगशाळा काही आठ पौंडांना स्वस्तात तपासून देत नाही.

करही तसाच होता. २०२२ च्या सुरुवातीला सुक्या फुलाच्या औंसामागे १०.०८ डॉलर, म्हणजे पौंडाला साधारण १६१ डॉलर. ठोक भाव कोसळत होते आणि कर मात्र महागाईच्या हिशेबाने आदल्या वर्षीपेक्षा वाढवलेला. १ जुलै २०२२ पासून तो रद्द केला, पण तोवर बरेच जण मोडले. कॅनडात ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ग्रॅमला दहा डॉलर भाव धरला तर दोन्ही सारखेच. भाव उतरला की तोच एक डॉलर वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. मोठ्याला लागवड करू द्या, फक्त कर विक्रीच्या किमतीवर लावा.

पाणवठा
तुम्ही दोघं एकरांवर आणि डॉलरांवर भांडताय. ओढ्याचं काय?

या पिकाला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते ऐन उन्हाळ्यात, आणि डोंगरातले ओढे तेव्हाच बोटभर उरतात. सामन माशांची पिल्लं त्याच डबक्यांत जगत असतात. एक पंप रात्रभर चालला तरी डबकं ओढ्यापासून तुटतं. म्हणून कॅलिफोर्नियात नियम आला, की १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ओढ्यातून पाणी उचलायचं नाही, हिवाळ्यात साठवून ठेवायचं. नियम शंभर टक्के योग्य आहे. छोट्याने उतारावर जंगल तोडून केलेला वाफासुद्धा ओढ्यात माती लोटतो, त्यामुळे छोटं म्हणजे आपोआप हिरवं हे मी कधीच मान्य करणार नाही.

पण मग बंद खोलीतल्या शेतीलाही तोच न्याय हवा. दिवे, वातानुकूलन, बाटलीतला कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेतल्या अशा लागवडीवर २०२१ मध्ये अभ्यास झाला. एक किलो सुक्या फुलामागे सुमारे २.३ ते ५.२ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन, जागेप्रमाणे कमीजास्त! उघड्यावर पिकवणाऱ्याच्या पाण्याचा थेंब मोजता, तर खोलीतल्याची वीजही मोजा.

बांधकरी
हिशेबी, कराचं पूर्ण मान्य. तो मुद्दा मी मूळ पोस्टमध्येच घ्यायला हवा होता. पाणवठा, पाण्याचा नियम मलाही हवाच आहे. पण हिवाळ्याचं पाणी साठवायला टाक्या लागतात, मोठं तळं खणायचं तर सपाट जागा लागते, आणि पैसे पीक हाती येण्याआधी घालावे लागतात. नियम लावताना टाकीसाठी कर्ज किंवा अनुदान दिलं नाही, तर ओढा वाचेल आणि शेतकरी परत चोरून पंप लावेल.

नररोप
एक मुद्दा राहिला. गांजाचे पराग वाऱ्याने उडतात, कित्येक किलोमीटर जातात. शेजारी कोणी धाग्यासाठी किंवा बियांसाठी शेकडो एकर हेम्प, म्हणजे नशा न होणारा गांजाचाच प्रकार, लावला, त्यात नर झाडं असणारच. त्यांचे पराग आले की फुलासाठी राखलेल्या मादी झाडांत बी भरतं आणि त्या फुलाला भाव राहत नाही. अंतर कोणी सोडायचं, नुकसान कोणी भरायचं, हे परवान्यातच लिहिलेलं हवं.

हिशेबी
नररोप, बरोबर. याचा विचार मीही केला नव्हता.

पण मर्यादेबद्दल माझं मत अजून तेच आहे. कॅनडाने छोट्यांसाठी वेगळा परवाना ठेवला, लागवडीची जागा फक्त २०० चौरस मीटर. हेतू चांगला, पण तेवढ्यात कुंपण, नोंदी, तपासणी यांचा खर्च निघणं अवघड. शेवटी २०२५ मध्ये ती मर्यादा ८०० वर न्यावी लागली. छोट्याच्या भल्यासाठी आखलेली रेघ त्याच्याच गळ्याशी आली.

बांधकरी
ती रेघ छोट्याभोवती आखली होती. मी मोठ्याभोवती आखा म्हणतोय. छोट्याला वाढू द्या, हवं तर सहकारी संस्था करू द्या. मोरोक्कोच्या २०२१ च्या कायद्यात हेच आहे. रिफ डोंगरातल्या ठरावीक प्रांतांतल्या रहिवाशांनाच लागवड करता येते, आणि तीही सहकारी संस्थेत राहून. चार वाणांचे आठ-आठ पौंड तुम्ही मोजलेत ना, तिथे संस्थेने सभासदांना एकच वाण वाटला तर बत्तीस पौंडांना एकच तपासणी होईल.

हिशेबी
आणि संस्थेचा माल घेणारी प्रक्रिया कंपनी भागात एकच असली तर? लागवड छोट्यांकडे, भाव ठरवणारा एकटा. तुमची मालकाची मोजणी शेतापाशीच थांबते, ती खरेदीदारापर्यंत न्या. तेवढं केलंत तर मी तुमच्या बाजूने.