मनात फिरणारे आकार: आपला अनुभव लिहा

गेल्या महिन्यात घर बदलताना आमचे लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले. हमालांपैकी वयस्कर काकांनी एकदा वळणाकडे आणि एकदा कपाटाकडे पाहिले आणि "आधी पाय वर घ्या, मग डोकं भिंतीकडे कलवा" एवढेच सांगितले. कपाट निघाले. तेच वळण मला मनात घेता आले नव्हते. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवले की दोन चित्रांतील आकार एकच आहे का, हे ओळखायला लागणारा वेळ त्यांच्यातील कोनाबरोबर वाढत जातो; जणू आपण तो आकार मनात खरोखरच फिरवून पाहतो. आपल्या रोजच्या कामात हे कौशल्य कुठे लागते आणि त्याचा सराव आपण कसा करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

शिवणकाम करणारी, सातारा
बाहीचा मुंडा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोलाकार भाग, पुढच्या बाजूला अधिक खोल असतो, त्यामुळे डावी आणि उजवी बाही एकमेकींची आरशातील प्रतिमा असते. शिकत असताना मी कापडाची सुलट बाजू दोन्ही वेळा वर ठेवून एकच कागद तसाच वापरला आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन डाव्या बाह्या कापून बसले. कापड पुरेसे उरले नव्हते, आणि त्या बाईंचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून कात्री उचलण्याआधी मी डोळे मिटून कापलेला तुकडा मनातच उचलते, खांद्याला लावते, खोल भाग छातीकडे आला का ते पाहते आणि मगच खडूने 'पुढचा' असे लिहिते. सुरुवातीला यात बराच वेळ जाई. आता ब्लाउजच्या कटोरीचे, म्हणजे छातीवरच्या वाटीसारख्या भागाचे, तुकडे जोडल्यावर येणारा फुगीरपणासुद्धा सपाट कापडावरच जाणवतो.

कोल्हापूरहून
आई १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी कागदावर न काढता थेट अंगणात घालते. एकूण १६९ ठिपके होतात, पण ती सगळे लक्षात ठेवत नाही. मधल्या ठिपक्यापासून निघणारी एकच पाकळी ती मनात पक्की करते आणि उरलेल्या पाच फक्त फिरवून घेते. मी हे मार्गशीर्षात रोज करून पाहिले. पाकळीची टोके शेजारणीला कुठे मिळतात, हे आधी मनात ठरवले नाही तर हमखास चूक होते.

निवृत्त आरेखक, नाशिक
मला डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही, अगदी दारातला आंबासुद्धा नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये असे लोक असल्याची नोंद केली होती आणि २०१५ मध्ये या स्थितीला 'अफँटेझिया' हे नाव मिळाले. तरीही मी आयुष्यभर यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले, कारण कोणता पृष्ठभाग कशाच्या मागे आहे हे मला न दिसताही ठाऊक असते. हात आपोआप त्या दिशेने वळतो. म्हणून 'चित्र दिसत नाही, तर जमणार नाही' असे कोणी मानू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुणे
मोबाइलवरील नकाशा मी उत्तर वर ठेवून घरीच पाहतो आणि वाटेत बंद ठेवतो. पोहोचल्यावर, घर कोणत्या दिशेला राहिले ते बोटाने दाखवतो आणि मग पडताळतो. पेठांतील गल्ल्यांत अजूनही चुकतो.

शिक्षिका, रत्नागिरी
मी मुलीसमोर चौकोनी कागदाला दोन घड्या घालून एक छिद्र पाडते आणि कागद उलगडण्याआधी छिद्रे कुठे येतील ते तिला वहीत काढायला सांगते. चार छिद्रे तिला आता सहज काढता येतात. अंदाज आधी कागदावर उतरवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण उलगडल्यावर 'मला माहीत होतं' असे प्रत्येकालाच वाटते. तिरकी घडी मात्र तिला अजून चकवते, आणि त्या वेळी ती कागद माझ्या हातातून ओढून घेऊन पुन्हा सावकाश दुमडून पाहते.