स्तनातील लिम्फोमा : स्तन काढणे आवश्यक आहे का?
गाठ कर्करोगाची ठरली की स्तन काढून टाकणेच सुरक्षित, हे मत लिम्फोमाला (रोगप्रतिकारक शक्तीच्या लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाला) लागू होत नाही. येथे सुईने तुकडा काढून निदान पक्के केले जाते आणि मुख्य भिस्त केमोथेरपीवर असते, कारण स्तन काढल्याने आयुर्मान वाढल्याचे दिसलेले नाही. कोल्हापुरातील माझ्या मावशींना 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' हा यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार निघाला, तेव्हा 'आर-चॉप' (केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅब या औषधांचा एकत्रित उपचार) आणि नंतर रेडिएशन एवढेच उपचार झाले.

आणखी एक महत्त्वाची बाब अशी की, हा आजार उलटला तर दुसऱ्या स्तनात किंवा मेंदूत उलटण्याचा धोका लक्षणीय असतो. त्यामुळे उपचारांनंतर सतत डोके दुखू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर (आपल्याकडे सर्रास होते तसे) अशक्तपणा म्हणून सोडून न देता कर्करोगतज्ज्ञांना लगेच कळवावे.