‘अधिशोषण’ आणि ‘अवशोषण’ : नेमका फरक कोणता?

प्रश्न : कोळशाची पूड रंगीत द्रावणात ढवळून गाळली असता द्रावण बरेचसे रंगहीन होते. या क्रियेला कोठे ‘शोषण’, कोठे ‘अवशोषण’, तर कोठे ‘अधिशोषण’ म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत. येथे ‘अधिशोषण’ हाच शब्द योग्य आहे. ‘अधि’ म्हणजे वर. एका पदार्थाचे कण दुसऱ्याच्या पृष्ठभागावर जमून तेथेच धरले गेले, तर ते अधिशोषण. पृष्ठभाग ओलांडून ते त्याच्या संपूर्ण अंतर्भागात पसरले, तर ते अवशोषण, आणि ‘अवगाहन’ या शब्दातला ‘अव’ आठवला की हा अर्थ सहज ध्यानात राहतो. निर्जल कॅल्शिअम क्लोराइड हवेतील बाष्प घेते तेव्हा पाणी त्याच्या स्फटिकरचनेतच शिरते, म्हणून ते अवशोषण. सिलिका जेलही बाष्प घेते. परंतु ते पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहते, म्हणून ते अधिशोषण.

पृष्ठभागावरच हे का घडते, हे समजले की शब्दांचा घोळ उरत नाही. घन पदार्थाच्या आत असलेल्या कणाला सर्व बाजूंनी शेजारी असतात आणि त्याच्यावरील ओढ सगळीकडून सारखी असते. पृष्ठभागावरील कणाला मात्र बाहेरच्या बाजूने शेजारी नसल्यामुळे त्याचे काही आकर्षण शिल्लक राहते, आणि जवळ आलेले वायूचे किंवा द्रावणातील रेणू त्या आकर्षणाने धरले जातात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणूनच, ही पकड केवळ भौतिक असेल तेव्हा, तापमान वाढवल्यास धरलेले रेणू सुटू लागतात आणि अधिशोषक पुन्हा वापरता येतो. रासायनिक बंध तयार झाले असतील, तर पकड कितीतरी घट्ट असते आणि थर एकाच रेणूच्या जाडीचा राहतो.

शंका : पण कोळशाची छिद्रे तर त्याच्या आतच असतात. रेणू त्या छिद्रांत जात असतील, तर ते अवशोषण का नव्हे?

उत्तर : ही शंका महत्त्वाची आहे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. छिद्राची भिंत हाही पृष्ठभागच असतो. एक ग्रॅम सक्रियित (मुद्दाम अतिशय सच्छिद्र केलेल्या) कोळशातील अशा भिंतींचे एकूण क्षेत्रफळ साधारणपणे ५०० ते १,५०० चौरस मीटर भरते आणि कोळशाचे सारे सामर्थ्य त्यातच आहे. धरलेले रेणू कार्बनच्या अणूंमध्ये मिसळत नाहीत. ‘आत’ याचा अर्थ वस्तूच्या आकारमानाच्या आत असा न घेता, पदार्थाच्या कणांच्या मध्ये असा घ्यावा.

पॅलेडिअम आणि हायड्रोजन यांच्या बाबतीत दोन्ही क्रिया एकामागून एक घडतात. हायड्रोजनचे रेणू प्रथम धातूच्या पृष्ठभागावर अधिशोषित होऊन अणूंमध्ये विभागले जातात, आणि मग ते अणू धातूच्या जालकात, म्हणजे त्याच्या अणूंच्या नियमित मांडणीत, शिरतात. पॅलेडिअम अशा रीतीने स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन सामावून घेतो. अशा मिश्र क्रियेसाठी, किंवा कोणती क्रिया चालू आहे हे ठाऊक नसताना वापरण्यासाठी, रसायनशास्त्रज्ञ जेम्स मॅकबेन यांनी १९०९ मध्ये ‘ॲडसॉर्प्शन’ (अधिशोषण) आणि ‘ॲब्सॉर्प्शन’ (अवशोषण) या इंग्रजी शब्दांऐवजी ‘सॉर्प्शन’ हा उपसर्ग नसलेला शब्द सुचवला.

मराठीत त्यासाठी ‘शोषण’ हा शब्द राखून ठेवावा, असे माझे मत आहे. आज तो अवशोषणासाठी सर्रास वापरला जातो, त्यामुळे व्यापक अर्थासाठी शब्दच उरत नाही. शिवाय ‘शोषून घेणे’ म्हटले की ओढून आत घेण्याचे चित्र उभे राहते. अधिशोषणात तसे काहीच घडत नसल्याने सारा अर्थ ‘अधि’ या दोन अक्षरांवर तोललेला असतो, आणि म्हणून तेथे तो उपसर्ग कधीही गाळू नये.