जुलाबांना कुडा आणि दारुहळद का नको?

रानपाखरू:
आमच्या राजापूरकडे पावसाळ्यात पोट बिघडलं की अजूनही कुड्याची मुळी सहाणेवर उगाळून ताकातून देतात. कडूजहर, पण लहानपणी मी घेतलीय. शहरात मात्र दोन जुलाब झाले की लोक औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणतात, दीड दिवस घेतात आणि पाकीट फ्रिजवर पडून राहतं. अशानेच जंतू औषधांना सरावलेत. मग आधी वनस्पती का नको? दारुहळदीतल्या बर्बेरिन या द्रव्याची बांगलादेशात १६५ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली, १९८७ मध्ये ती छापून आली. ई. कोलाय या जिवाणूमुळे जुलाब झालेल्यांना ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. २४ तासांत ४२ टक्के लोकांचे जुलाब थांबले. न घेतलेल्यांत २० टक्के.

औषधवाला:
चाचणी खरी आहे, पण तिचा निष्कर्ष पुरता सांगा. आतड्यात पाणी झिरपणं बर्बेरिनने कमी झालं, म्हणून ते उपयोगी ठरलं. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांत त्याचा गुण अगदी थोडा होता आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या जोडीला देऊनही जास्तीचा फायदा झाला नाही. त्याला जंतुनाशक म्हणून पुढे करू नका. कुड्यातल्या कोनेसिन या द्रव्याचं नावही मुख्यतः अमिबासाठी आहे, आणि अमिबा म्हणजे जिवाणू नव्हे. शिवाय बाजारात पांढऱ्या कुड्याच्या नावाने काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळतात. तुमच्या आजीला झाड ओळखता येत होतं, गिऱ्हाइकाला कसं येणार?

सायली_ठाणे:
माझ्या भाच्याला ताप आणि जुलाब होते. घरात आठ दिवस काढेच चालले. निघाला टायफॉइड, आणि तोवर आतड्याला भोक पडलं होतं. शस्त्रक्रियेने वाचला. टायफॉइडचे जंतू रक्तात जातात. बर्बेरिन आतड्यातून रक्तात जेमतेम शिरतं. ते तिथे काय करणार? काढ्याने अपाय झाला नाही हो, पण ते आठ दिवस गेले ते गेलेच.

रानपाखरू:
सायलीताई, वाचून वाईट वाटलं. तापात काढ्यावर थांबू नये, हे मान्य. पण सगळेच आजार तसे नसतात. लहान आतड्यात जंतू फाजील वाढतात, त्या विकारात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १०४ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला. वनस्पतींच्या मिश्रणाने ४६ टक्के बरे, रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकने ३४.

औषधवाला:
त्यात कोणी काय घ्यायचं हे रुग्णांनीच निवडलं होतं, चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली नव्हती. आशा वाटावी इतपत ठीक, पण दोन्ही सारखे गुणकारी म्हणायला एवढं पुरत नाही. जुलाबांत माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

रानपाखरू:
ते पाणी मीही आधी देतो. ताप, शौचात रक्त, तान्हं बाळ, गरोदर बाई असेल तर थेट दवाखाना. पण धडधाकट माणसाच्या दोन दिवसांच्या पाण्यासारख्या जुलाबांना तुम्ही तरी अँटिबायोटिक देता का?

औषधवाला:
नाही. क्षारांची पुडी देतो. चिठ्ठीशिवाय गोळी मागणाऱ्याला परत पाठवतो, आणि तो शेजारच्या दुकानातून घेऊन जातो.