शांत मुंबई? फिल्म मुकी आहे हो!

'तेव्हाची मुंबई किती शांत, किती मोकळी' असं इथे दोघांनी साहेबाच्या काळातल्या मुंबईची एक जुनी फिल्म बघून लिहिलंय. शांत वाटणारच, फिल्म मुकी आहे! ट्रामचा खडखडाट आणि घंटा आठवणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा. (ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, तेव्हा अशी माणसं अजून आहेत.) लोक तुरुतुरु पळताना दिसतात, कारण सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी (फ्रेम्सनी) घेतलेलं चित्रण चोविसाच्या वेगाने फिरवलंय. त्यात हल्ली रंग भरणारे सगळ्या नऊवाऱ्या एकाच विटकरी रंगात बुडवतात, ते तर बघवत नाही.

मोकळेपणाचं म्हणाल, तर कॅमेरा कुठे उभा होता ते बघा. बॅलार्ड पिअर, अपोलो बंदर, फोर्ट. साहेब बोटीतून उतरायचा तिथेच. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार त्यात कुठून येणार?

मला खरी ओढ आहे ती भाऊच्या धक्क्याची. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या आणि बोट लागल्याने रेलिंगला धरून ओकणारे आमचे कोकणवाले! कुणाकडे तसं चित्रण असेल तर इथे टाकाच.